मासेमारीच्या कयाकला मोटर: पेट्रोलची की विजेची?

बारा फुटांची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, ताशी आठ-साडेआठ किलोमीटरच्या पुढे जात नाही, मग तिला कितीही मोठी मोटर लावा. पाणी कापत जाणाऱ्या कुठल्याही होडीची ही मर्यादा तिच्या लांबीवरून ठरते. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांमध्ये वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, की नॉटमधला वेग मिळतो (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). साडेअकरा फुटांना हे उत्तर साडेचार नॉट येतं. त्यापुढे रेटलं की पुढचं टोक उचलतं, मागचं बसतं आणि होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. इंधन जळतं, वेग तिथेच राहतो. म्हणून 'किती एचपीची घेऊ?' हा प्रश्न बाजूला ठेवा. वारा आणि पाणी दोन्ही अंगावर असताना निघालेल्या जागी परत कशी येणार, या प्रश्नावरून मोटर ठरवा.

एक खुलासा आधीच. परदेशी व्हिडिओंमध्ये 'गॅस मोटर' म्हणतात ती गॅसोलीनची, म्हणजे आपली पेट्रोलची. या लेखात पेट्रोलचं लहान आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या बाहेर मागे लटकवायचं इंजिन आणि विजेची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी सावकाश चालवायची लहान मोटर, अशा दोनच गोष्टींची तुलना आहे. पायाने पेडल मारून चालणारी कयाक हा तिसरा चांगला पर्याय आहे. रोजची फेरी पाच-सहा किलोमीटरचीच असेल तर तोही बघून घ्या.

पहिली पायरी: पाणी ओळखा

धरणाच्या किंवा तलावाच्या स्थिर पाण्यात फिरायचं असेल तर हिशोब सोपा आहे. खाडीत तो बदलतो. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो, तर दक्षिण सिंधुदुर्ग आणि गोव्यात तो दोन-सव्वादोन मीटर असतो. जितका फरक मोठा तितकं पाणी जोरात ओढतं. खाडीच्या अरुंद मुखाशी किंवा पुलाच्या खांबांमध्ये दोन नॉटांचा ओढा, म्हणजे पाण्याचा प्रवाह, सहज लागतो, कधी जास्तही.

वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब अजून कामाचा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. शिकाऊ माणसाने पहिल्या चार-पाच फेऱ्या भांगाच्या दिवसांतच काढाव्यात. नेमक्या वेळेसाठी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावं, कारण खाडीत आत जाल तशी वेळ मागे पडत जाते.

आता वारा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. त्यातच सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असेल तर वारा आणि पाणी दोघंही तुम्हाला मुखाकडे नेतात आणि मोटर न लावताही तुम्ही किती लांब आलात ते कळत नाही. दुपारी खारे वारे सुरू होतात. त्या वेळी पाणी अजून ओसरत असेल तर समोरासमोर टक्कर होऊन मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. कयाकसाठी खाडीतली सगळ्यात वाईट जागा तीच. जाताना सुकती आणि येताना भरती अशी फेरी बेतली तर अर्धं काम पाणीच करतं आणि मोटर लहान चालते.

ओढ्याची किंमत आकड्यांत पाहा. बारा फुटी कयाक, सगळं मिळून दीडशे किलो वजन आणि ५५ पौंड ढकलशक्तीची विजेची मोटर धरू. ती पूर्ण वेगात ५० अँपिअर ओढते आणि ताशी साडेसात किलोमीटर देते असं समजा. लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे ताशी पाच किलोमीटरला सुमारे १५ अँपिअर पुरतात. स्थिर पाण्यात तीन किलोमीटर जायला ३६ मिनिटं आणि बॅटरीतले ९ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास). तेच तीन किलोमीटर दोन नॉटांच्या ओढ्याविरुद्ध गेलात तर जमिनीच्या मानाने वेग ताशी १.३ किलोमीटर उरतो, सव्वादोन तास लागतात आणि ३५ अँपिअर-तास जातात. जवळजवळ चौपट. घाबरून पूर्ण वेग दिला तर पाऊण तासात पोहोचाल, पण ३९ जातील. ओढ्याविरुद्ध सगळ्यात कमी बॅटरीत पोहोचायचं असेल तर पाण्यातला वेग ओढ्याच्या दीडपट ठेवायचा. इथे ताशी साडेपाच किलोमीटर ठेवले की ३३ मध्ये भागतं.

दुसरी पायरी: वजनाचा तक्ता मांडा

कयाकवर लिहिलेली कमाल वहनक्षमता म्हणजे ती बुडायच्या आधीची हद्द असते. आरामात मासे धरायचे तर तिच्या ६५ ते ७० टक्केच भार टाका. १८० किलो क्षमतेच्या कयाकला हे १२६ किलो होतात. माणूस ७५ किलो. लाइफ जॅकेट, पाणी, डबा, गळ-रॉड, बर्फाची पेटी मिळून १८. इथेच ९३ झाले.

विजेची मोटर १० किलो, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी १२, पेटी आणि वायर ३. एकूण ११८, हद्दीच्या आत. हीच बॅटरी शिसं-आम्लाची घेतली तर एकटी २८ ते ३० किलोची आणि एकूण १३६ च्या आसपास. पेट्रोल इंजिन १४ किलो, मागची पट्टी-कंस ४, जादा पेट्रोल ३, हत्यारं आणि सुटे भाग २. एकूण ११६.

म्हणजे एकूण वजनात लिथियम आणि पेट्रोल सारखेच. फरक जागेचा आहे. बॅटरी तुम्ही पायांच्या पुढे सरकवू शकता आणि मागच्या मोटरीचा तोल साधू शकता. पेट्रोलचे अठरा किलो मात्र सगळेच्या सगळे मागच्या टोकावर लटकतात, जिथे बहुतेक कयाकचा आकार निमुळता आणि तरंगशक्ती सगळ्यात कमी असते. मागचं टोक बसलं की सीटखालच्या भोकांतून पाणी वर येऊन साचतं, आणि साचलेलं पाणी मागेच धावतं. बाजारातून मोटर आणण्याआधी पाण्याने भरलेले कॅन मागच्या टोकावर बांधा, तुमच्या नेहमीच्या सामानासह सीटवर बसा आणि किनाऱ्यालगत अर्धा तास फिरून पाहा. एक लिटर पाणी एक किलो. या साध्या चाचणीने बरेच पैसे वाचतात.

विजेची मोटर: पौंड, व्होल्ट आणि बॅटरी

विजेच्या ट्रोलिंग मोटरींवर एचपी नसून ढकलशक्ती पौंडांत लिहिलेली असते. ढोबळ नियम असा, की एकूण वजनाच्या दोन टक्के ढकलशक्ती हवी. कयाकसकट दीडशे किलोला तीन किलो, म्हणजे सात पौंडही पुरले. हा आकडा शांत पाण्याचा झाला. वारा-ओढ्यासाठी तलावात ३० आणि खाडीत ४५ ते ५५ पौंड घ्या. १२ व्होल्टमध्ये ५५ पौंड ही साधारण वरची पायरी आहे. ८० पौंडांना २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या लागतात, आणि कयाकला त्याचा काही उपयोग नाही.

१२ व्होल्टच्या मोटरी पूर्ण वेगात पौंडाला साधारण एक अँपिअर ओढतात. ३० पौंडी ३० अँपिअर, ५५ पौंडी ५०. मोटर निवडताना दुकानदाराला एक गोष्ट नक्की विचारा: वेग पाच टप्प्यांत बदलतो की सलग? पाच टप्प्यांच्या स्वस्त मोटरीत हळू चालवण्यासाठी मध्ये कॉइल टाकलेली असते आणि उरलेली वीज ती उष्णता म्हणून फुकट घालवते. वर मांडलेला १५ अँपिअरचा हिशोब सलग वेगाच्या, पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग बदलणाऱ्या) मोटरीचा आहे. टप्प्यांच्या मोटरीत हळू जाऊनही तेवढी बचत होत नाही. शिवाय तिची ठरलेली व्याधी अशी, की एक दिवस पहिले चार वेग मरतात आणि फक्त पाचवा चालतो. मोटर जळालेली नसते, कॉइल तुटलेली असते. ती बदलून मिळते.

बॅटरीबाबत नवख्यांची फसगत घरातल्या इन्व्हर्टरपासून सुरू होते. तिथली दीडशे अँपिअर-तासांची ट्यूबलर बॅटरी पन्नास किलोच्या वर असते आणि कयाक कलंडली की आम्ल सांडतं. ई-रिक्षाच्या पाणी भरायच्या बॅटरीचंही तेच. गाडीची बॅटरी दोन सेकंद स्टार्टर फिरवण्यासाठी बनवलेली असते. तिला पाच-सहा वेळा खोलवर उतरवली की ती कायमची दुबळी होते. शिसं-आम्लच घ्यायची असेल तर सीलबंद एजीएम (आम्ल आत शोषून धरलेली), डीप सायकल (खोलवर उतरवायला बनवलेली) घ्या, आणि तिच्यातले अर्धेच अँपिअर-तास आपले माना. मोठा प्रवाह ओढला की ती लिहिलेल्यापेक्षाही कमी देते.

लिथियममध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट हाच प्रकार घ्या. १०० मधले ८० अँपिअर-तास निर्धास्त वापरता येतात. पूर्ण वेगात १ तास ३६ मिनिटं, म्हणजे स्थिर पाण्यात बारा किलोमीटर. ताशी पाचने सव्वापाच तास, म्हणजे सव्वीस. तलावाला ५० अँपिअर-तासांची सहा किलोची बॅटरी भरपूर झाली. पण तिच्या आत बसवलेल्या संरक्षक सर्किटचा, बीएमएसचा आकडा वाचा. सलग ५० अँपिअरचा बीएमएस आणि ५० ओढणारी मोटर अशी जोडी लावली तर नेमकं जोर लावायच्या क्षणी बॅटरी स्वतःला बंद करून घेते. मोटरीच्या कमाल प्रवाहाच्या सव्वा ते दीडपट बीएमएस हवा.

लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे तीन दिव्यांचा साधा मीटर 'भरलेली आहे' असंच सांगत राहतो. आतबाहेर गेलेले अँपिअर मोजणारा, शंटवाला मीटर लावा. मग नियम सोपा: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात न लावता.

चार्जर लिथियमचाच, १४.४ ते १४.६ व्होल्टला थांबणारा. जुन्या चार्जरमधलं 'डीसल्फेशन', म्हणजे शिसं-आम्लाच्या बॅटरीसाठीचे जादा व्होल्टेजचे झटके, लिथियमला मारक ठरतं. आणि चार्ज करताना बॅटरी कयाकच्या बंद पोटातून बाहेर काढा. शिसं-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो बंद जागेत साठतो.

परदेशातून येणाऱ्यांसाठी: मोटर सामानात आणता येते, बॅटरी नाही. १६० वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ५० अँपिअर-तासांचीच ६४० होते. बॅटरी इथेच घ्या.

वायरिंग, जिथे खरी आग लागते

बॅटरी पुढे आणि मोटर मागे असेल तर जाऊन-येऊन पाच मीटर तांबं लागतं. घरच्या फिटिंगमधली २.५ स्क्वेअर एमएमची वायर वापरली तर ५० अँपिअरला तिच्यात जवळपास १.८५ व्होल्ट पडतात आणि ९० वॅटच्या वर उष्णता त्या वायरमध्येच निघते. आवरण वितळतं, प्लास्टिकच्या होडीत. १० स्क्वेअरला अर्धा व्होल्ट जातो, १६ ला तीन दशांश. ५५ पौंडांना पाच मीटरसाठी १६ घ्या, ३० पौंडांना १० पुरते. कथील चढवलेलं तांबं मिळालं तर उत्तम. साधं तांबं खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून हिरवं पडत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

क्रम असा ठेवा.

१. बॅटरी पेटीत बसवा आणि पेटी दोन पट्ट्यांनी होडीला बांधा. होडी उलटी केली तरी पेटी हलता कामा नये.

२. प्लसच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत ब्रेकर लावा. ३० ते ४५ पौंडांना ५० अँपिअरचा, ५५ ला ६० चा. तो डीसीचा हवा. घरच्या बोर्डातला एसी एमसीबी डीसीची ठिणगी विझवेलच असं नाही.

३. लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, हायड्रॉलिक पकडीने दाबून घ्या आणि त्यावर गोंद असलेली, तापवली की आकसणारी हीट श्रिंक नळी चढवा. पक्कडीने चेपलेला लग महिन्याभरात सैल होतो, सैल जोड तापतो, आणि तापलेल्या जोडामुळे ब्रेकर उगाच पडत राहतो. लोक ब्रेकर बदलतात, दोष लगचा असतो.

४. मध्ये अँडरसन कनेक्टर टाका, म्हणजे बॅटरी झटकन सुटी करता येईल. होडीत चढताना-उतरताना तो सुटाच ठेवा.

५. दोन्ही टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा हलका थर द्या, जोड आवळल्यानंतर. आधी नको.

६. मासे शोधायच्या फिश फाइंडरला वेगळी लहान बॅटरी द्या. मोटरीच्या वायरवर टाकला तर पडद्यावर रेघोट्या येतात, आणि मोटरीची बॅटरी संपली तर जीपीएसही जातो.

पेट्रोलचं इंजिन: केव्हा घ्यावं

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते, बारा किलोच्या लिथियम बॅटरीत १.२८. लहान इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, तरीही लांब पल्ल्याला पेट्रोलला तोड नाही. अडीच एचपीचं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण एक लिटर पितं, आणि अंगातली टाकीही तेवढीच असते. वरच्या उदाहरणातला दोन नॉटांचा ओढा ते एका टाकीत पार करतं, आणि दुसरी टाकी भरली की पुन्हा ताजंतवानं. बॅटरीला रात्रभराचा प्लग लागतो.

या आकारात होंडा बीएफ २.३, सुझुकी डीएफ २.५, यामाहा एफ २.५ अशी चार-स्ट्रोक इंजिनं आहेत, साडेतेरा ते सतरा किलोंची. होंडाचं हे इंजिन ५७ सीसीचं आणि हवेने थंड होणारं आहे. खाडीच्या चिखलात हा मोठा फायदा, कारण इतरांच्या पाणी ओढायच्या जाळीत चिखल बसला की इंजिन तापतं. पाण्याने थंड होणारं इंजिन चालू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडते. दर पाच मिनिटांनी मागे वळून ती पाहायची. धार बारीक झाली की इंजिन लगेच बंद, जाळी साफ. लहान इंजिनांत रिव्हर्स गिअर बहुधा नसतो. मागे जायला आख्खं इंजिन गर्रकन फिरवावं लागतं, आणि त्या वेळी थ्रॉटल कमी नसेल तर होडी आडवी होते.

निमुळत्या टोकाच्या, साध्या सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायच्या) कयाकवर पेट्रोलचं इंजिन लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण वजन तर आहेच, पण त्याहून मोठं कारण दोरीचं. इंजिन सुरू करायला बसल्या जागी मागे वळून जोराने दोरी ओढायची. तो झटका आणि वळलेलं शरीर दोन्ही एकाच बाजूला जातात. जेटीला बांधलेल्या होडीत हे जमतं. मुखाशी लाटेत इंजिन बंद पडलं असताना हेच करावं लागतं, आणि तिथेच माणसं पाण्यात जातात. ज्यांच्या कयाकचा मागचा भाग चौकोनी, सपाट आहे, रुंदी ३६ इंचांच्या वर आहे, फेरी वीस किलोमीटरच्या पलीकडची आहे आणि मुक्कामी वीज नाही, त्यांनी पेट्रोल घ्यावं. दुसऱ्या कुणी घेऊ नये.

घेतलंच तर पुढच्या गोष्टींना पर्याय नाही. किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला किंवा जॅकेटला, इंजिन चालू होण्याआधी. माणूस पाण्यात पडला आणि इंजिन चालू राहिलं तर कयाक निघून जाते किंवा गोल फिरून पंखा अंगावर येतो. टाकी किनाऱ्यावरच भरा. जादा पेट्रोल होडीच्या पोटात कधीही ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद पोटात तळाशी साठते आणि बाहेरचा वारा तिला काढू शकत नाही. कॅन मागच्या उघड्या जागेत, सावलीत, घट्ट बांधून.

नवं इंजिन पहिले दहा तास पूर्ण वेगात सलग चालवू नका, आणि पहिलं ऑइल वीस तासांनी बदला. गाडीतून नेताना चार-स्ट्रोक इंजिन पुस्तकात दाखवलेल्या कुशीवरच आडवं ठेवा. चुकीच्या कुशीवर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं, मग दोरी ओढली जात नाही आणि जोर केला तर काहीतरी मोडतं.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती 'मागच्या महिन्यात चाललं, आज सुरू होत नाही' अशी. आपल्याकडे आता बहुतेक पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. किनाऱ्याच्या दमट हवेत काही आठवड्यांत पाणी खाली बसतं आणि कार्बोरेटरची सुईएवढी भोकं चिकटतात. उपाय एकच: फेरीच्या शेवटी पेट्रोलची चावी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कार्बोरेटर कोरडा राहिला की ही तक्रार जवळजवळ संपते. इंजिनाला किती इथेनॉल चालतं ते त्याच्या पुस्तकात आधी वाचा, कारण जुनी इंजिनं १० टक्क्यांसाठीच बनवलेली आहेत.

बसवणं

कयाकचं प्लास्टिक पॉलिइथिलीन असतं आणि त्याला कुठलाही गोंद किंवा सिलिकॉन नीट धरत नाही. त्यामुळे कंस चिकटवायचा विचार सोडा. एसएस ३१६ (न गंजणारं स्टील) चे आरपार बोल्ट, आतून हाताच्या तळव्याएवढी अॅल्युमिनियमची पट्टी, दोन्हीकडे रबरी वॉशर. आत हात पोहोचत नसेल तर रबरी वेल-नट (आवळले की आतून फुगून धरणारे) चालतात, पण फक्त विजेच्या मोटरीला. पेट्रोल इंजिनाच्या थरथरीत ते सुटतात. बोल्ट हाताला घट्ट लागले की पाव फेरा, बस्स. जास्त आवळलं तर प्लास्टिक दबतं आणि उन्हात चीर जाते.

विजेच्या मोटरीच्या पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली किमान वीतभर हवं. वर राहिला तर हवा ओढून घरघरतो, आवाज वाढतो, ढकल कमी होते. कयाकला २४ ते ३० इंचांचा दांडा पुरतो. पेट्रोल इंजिन १५ इंची आखूड दांड्याचं घ्या. मोटर बाजूला लावली तर होडी सतत एका अंगाला वळत राहते. मागे लावून पायाच्या सुकाणूला जोडलेली बरी, हात गळाला मोकळे राहतात.

पंख्याजवळची एक लहान पिन खडपाला धडक बसली की मुद्दाम तुटते, म्हणजे दांडा वाचतो. ती तुटल्यावर मोटर फिरते पण होडी हलत नाही. दोन सुट्या पिना, पाना आणि पक्कड नेहमी जॅकेटच्या खिशात. आणि दर फेरीनंतर पंखा काढून मागे अडकलेला तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) काढा. तो फिरत फिरत सील कापतो, पाणी आत जातं, आणि विजेची मोटर महिनाभराने बंद पडते तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात: कांदळवनाच्या कडेला, हातभर पाण्यात जिताडा किंवा तांबोशी शोधत असाल तर विजेची मोटरही शेवटचे तीस-चाळीस मीटर बंद करा आणि वल्ह्याने जा. पेट्रोल इंजिन त्याच्याही बरंच आधी.

कागदपत्रं

मोटर बसली की कयाकचा कायद्यातला प्रकार बदलू शकतो, ती विजेची असली तरी. महाराष्ट्रात खाडी-समुद्रासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आणि गोव्यात बंदर कप्तान खात्यात खरेदीआधी लेखी विचारा. धरणांवर जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मोटर लावल्यावर 'माझी तर छोटी होडी' ही सबब धरू नका, आणि पावसाळ्यातला समुद्र कयाकचा नाहीच. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मोटर लावलेली कयाक मोटरबोट ठरते व नोंदणी लागते. तिथल्या अनेक तलावांत पेट्रोलला बंदी, विजेला मुभा आहे.

पहिल्या तीन फेऱ्या

पहिली फेरी गोड्या पाण्यात, मोटर बंद ठेवून वर उचललेली, सगळं सामान भरून. वल्ह्याने एक किलोमीटर वाऱ्याविरुद्ध जाता आलं पाहिजे. नाही आलं तर भार कमी करा. किनाऱ्याजवळ छातीभर पाण्यात मुद्दाम उलटा, होडी सरळ करा, परत चढा. हे जमेपर्यंत दुसरी फेरी नाही.

दुसऱ्या फेरीत मीटर समोर ठेवून तीन वेगांना अँपिअर आणि जीपीएसचा वेग लिहून घ्या, जाताना आणि येताना दोन्ही, म्हणजे वारा वजा होईल. वर दिलेले आकडे तुमच्या होडीचे नाहीत. तुमचे हेच. पेट्रोल असेल तर भरलेली टाकी अर्ध्या थ्रॉटलवर किती मिनिटं पुरते ते घड्याळ लावून मोजा.

तिसरी खाडीत, भांगाच्या दिवशी, भरती चढत असताना आतल्या बाजूला. सोबत दुसरी होडी, किनाऱ्यावर वेळ माहीत असलेलं माणूस, फोन जलरोधक पिशवीत अंगावर.

घरी आल्यावर

खाऱ्या पाण्यातून आलेली विजेची मोटर गोड्या पाण्याने धुवा, पण डोक्याच्या भागावर पाइपचा फवारा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. जस्ताचा अॅनोड (मोटरीऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) अर्धा झिजला की बदला. पाण्याने थंड होणारं पेट्रोल इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात पाच-दहा मिनिटं चालवा. हे न केल्यास आत मिठाचे खडे बसतात.

इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालं असेल तर वेळ दवडू नका. दोरी ओढून पाहायचा मोह आवरा, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनचा दांडा वाकतो. आधी गोड्या पाण्याने धुवा, स्पार्क प्लग काढा, मग हळूहळू दोरी ओढून पाणी बाहेर काढा. प्लगच्या भोकातून पातळ तेलाचा फवारा, ऑइल आणि पेट्रोल नवं, नवा प्लग, आणि त्याच दिवशी सुरू करून अर्धा तास चालवा. रात्रभर तसंच राहिलं तर सकाळी गंज धरलेला असतो.

पावसाळ्याचे चार महिने शिसं-आम्लाची बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा भरा. लिथियम उलट अर्धी-साठ टक्के ठेवा, ब्रेकर बंद करून, मीटर सुटा करून, कारण मीटरही थोडंथोडं पीत राहतो. पेट्रोलची टाकी रिकामी, कार्बोरेटर कोरडा, इंजिन स्टँडवर उभं.